मानाचे पाच नट

१९५८ साली शहापूरच्या ग्रामारोग्य मंडळाने लष्करी लिलावातून एक जीप घेतली. जीप चारही चाकांसह आली आणि मंडळापुढे पहिली अडचण उभी राहिली ती हीच. मुरबाडकरांनी नुकतीच तशाच जीपची फीत कापली होती. आपणही फीतच कापायची म्हणजे मुरबाडची नक्कल. तेव्हा सर्वानुमते ठरले, की पुढचे एक चाक काढावे आणि ते मान्यवरांच्या हस्ते पुन्हा बसवावे.

चाकाला नट पाच आणि मान्यवरही पाचच भरले: अध्यक्ष, कार्याध्यक्ष, चिटणीस, भातगिरणीचे मालक आणि वृत्तपत्रांचे प्रतिनिधी म्हणून आम्ही.

ड्रायव्हर लडकूने जॅक लावून चाक बोल्टांवर चढवून दिले. अध्यक्षांनी पहिला नट बोटांनी एक वेढा फिरवला आणि फोटोग्राफरकडे पाहिले. टाळ्या झाल्या. अध्यक्षांपेक्षा जास्त फिरवणे शोभले नसते, म्हणून कार्याध्यक्षांनी अर्धा वेढा दिला. चिटणिसांनी त्याच्या अर्धा, गिरणीमालकांनी त्याहून कमी. आमच्या वाट्याला स्पर्श उरला. तो आम्ही मनापासून केला. ‘मान्यवरांनी चाक घट्ट आवळले’ ही बातमी आम्ही सकाळच्या टपालानेच रवाना केली होती. अंकाची वेळ पाळावी लागते.

जेवणे झाल्यावर लडकू पाना घेऊन चाकापाशी बसला.

“काय चाललंय रे?” अध्यक्षांनी विचारले.

“नट आवळतोय साहेब. ढिले हायत.”

“मी आवळलेला नट ढिला?”

लडकूची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. “तुमचा नाय साहेब,” तो म्हणाला, “बाकीचे.”

आम्ही बाकीच्या चौघांनी त्याच्याकडे पाहिले. लडकूने पाना सीटखाली ठेवला.

त्याच आठवड्यात मुरबाड रस्त्यावरच्या एका पाड्यातून निरोप आला: गिरजाचे बाळंतपण अडले आहे. मंडळाच्या नर्स वत्सलाबाई पेटी घेऊन जीपने निघाल्या. वृत्तांत हवा म्हणून आम्हीही चढलो.

“लडकूदादा, चाक वाकडं का चाललंय?” वत्सलाबाईंनी विचारले.

“पेपरात घट्ट छापलंय बाई.”

“छापलंय म्हणून घट्ट झालं होय? कोणी छापलं?”

“हे काय, तुमच्या बाजूला बसल्यात.”

आम्ही पुराव्यादाखल अंक काढून दाखवला. बाईंनी तो वाचला नाही. “थांबव गाडी, पाना घे,” त्या म्हणाल्या.

“आणि साहेबांना कोण सांगंल? तुमी?”

हा मुद्दा निकालात निघण्यापूर्वीच उतार लागला. चाक आमच्या पुढे गेले आणि खाचरात उतरले. जीप बांधाला टेकली. कोणालाही लागले नाही.

मागून पेंढ्याची बैलगाडी येत होती. वत्सलाबाई पेटीसकट तिच्यात चढल्या. “बातमी लिहीत बसा तुम्ही!” एवढेच त्या आम्हाला म्हणाल्या. त्या वेळेवर पोचल्या. गिरजाला मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. त्या गाडीची चाके आसावर एकेका खिळीने अडवलेली होती. खिळींचे उद्घाटन कोणी केले नव्हते.

मंडळाने चौकशी केली. चाक निखळण्याचे कारण स्पष्ट होते: एकाच चाकाला मान दिल्यामुळे गाडीचा समतोल बिघडला. नट घट्ट होते असे लडकूने लिहून दिले आणि तो कायम झाला. यापुढे चारही चाके काढून वीस मान्यवरांच्या हस्ते बसवावीत, असा ठराव झाला. अनुमोदन आमचे होते.

वीस नावे जमवायची म्हणून आम्ही वाचकांना आवाहन केले. पत्रांचा ढीग पडला. एकाने स्टेपनीलाही नट असतात का, अशी चौकशी केली. नट किती आवळायचा, हे कोणीच विचारले नाही. फोटो कोणत्या दिवशी निघणार, हे मात्र सर्वांनी विचारले आहे.

वाचकहो, आपलेही पत्र पोचले.