स्वाराचे अधिकृत वजन

कार्यालयाच्या टपाल-मोटारसायकलीच्या मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगा बसल्या आहेत, ही बाब सर्वप्रथम टपालस्वाराच्या कंबरेच्या निदर्शनास आली. खड्डा आला की गाडी मागून दाणकन आपटे आणि स्वाराला आजवरची सगळी पापं आठवत. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आणखी महिनाभर असेच आदळत राहिलात, तर कायमचे आडवे व्हाल." स्वाराने रीतसर अर्ज केला.

अर्ज चक्क मंजूर झाला. कार्यशाळेतल्या मिस्त्रीने शॉकअप उतरवून पकडीत धरले, स्प्रिंगा दाबून वरची कडी काढली आणि जुन्या स्प्रिंगा बाहेर ओढल्या. फळीवर नव्या दोन जोड्या होत्या. एक मऊ, एक कडक.

"अण्णा, तुम्हाला कडकच लागणार," मिस्त्री स्वाराच्या पोटाकडे बघत म्हणाला. "दहा मिनिटांचं काम आहे. पण स्प्रिंग स्वाराच्या वजनावर मिळते. भांडारातून तेवढा कागद आणा."

भांडारपालाने सेवापुस्तक उघडलं. त्यात भरतीच्या दिवशीचं वजन होतं, बावन्न किलो.

"मऊ जोडी," तो म्हणाला.

"अहो साहेब, बावीस वर्षं झाली त्याला! आज अठ्ठ्याऐंशी आहे. दिसतंय ना डोळ्यांना?"

"दिसतं हो. पण दिसण्याला जावक क्रमांक नसतो."

वजनदुरुस्तीचा प्रस्ताव वर गेला आणि बारा दिवसांनी खुलासा घेऊन खाली आला. सेवापुस्तकातील स्वार बावन्न किलोचा असून त्याबाबत वाद नाही. सबब उर्वरित छत्तीस किलो हा विनापरवाना सहप्रवासी समजण्यात यावा, व तो कार्यालयीन वाहनावर कोणाच्या आदेशाने बसतो याची चौकशी व्हावी.

स्वार घरी येऊन मटकन बसला. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"तरीच!" ती म्हणाली. "मी म्हणते, दोघांचं जेवण एका ताटातून जातं कुठे!"

चौकशीसाठी सहप्रवाशाला नोटीस निघाली. स्वार धावत हजर झाला, तर त्याला दारातूनच परत पाठवलं. "तुम्ही कशाला आलात? नोटीस त्याला आहे." सहप्रवासी गैरहजर राहिल्याने निकाल एकतर्फी लागला. त्याने गाडीवरून उतरावं असं ठरलं आणि मऊ स्प्रिंगा बसवण्यात आल्या.

स्वार बसताच मडगार्ड चाकाला टेकलं. मग बिचाऱ्याने आदेश पाळला. टपाल सीटवर बांधून तो गाडी हाताने ढकलत गावभर हिंडू लागला. तपासणी अधिकाऱ्याने नव्या स्प्रिंगा उत्तम असल्याचा शेरा मारला.

तिसऱ्या आठवड्यात कंबरेने हात टेकले आणि स्वार आडवा झाला. रजेचा अर्ज मात्र परत आला. सेवापुस्तकातल्या स्वाराची प्रकृती ठणठणीत होती. आजारी पडला होता तो सहप्रवासी, आणि सहप्रवाशाला रजा लागू नव्हती.

हसू नका. आधी खिशातलं लायसन्स काढा. फोटोत तो भरगच्च केसांचा सडपातळ तरुण आहे ना, गाडी चालवायची परवानगी त्याला आहे. तुम्ही इतकी वर्षं कोणाच्या आदेशाने बसताय?