सत्कारातून उतरवलेली शाल

सत्कारात उपळाईकर सरांना पांघरलेली अफगाणी शाल आठवड्याच्या आत कपाटातून उठली आणि सकाळी बार्शीतल्या तोडकरशेठांच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. तिला काम हवं होतं.

तोडकरशेठ घोंगड्या-चादरींचे व्यापारी. शाळा लहानपणीच सुटलेली, पण माल आणि माणूस दोन्ही बोटांनी ओळखायचे. माल परत आला की आधी त्याचं ऐकून घ्यावं, भांडण नंतर, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी शालीला गादीवर घेतलं आणि काय झालं ते विचारलं.

शाल शांतपणे बोलली. सरांच्या कपाटात सत्काराच्या शालींची चळत आहे. त्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये सुखाने झोपतात. तिला झोप लागत नाही. आधीच्या मालकाकडे, जरीनखानाकडे, होती तेव्हा ती दिवसा सावली होती, थंडीत पांघरूण. जेवताना तिच्यावर रोटी, नमाजाला तिच्यावर गुडघे. तिच्यातून सरपण आलं, आजारी मेंढरू आलं. विहिरीत पडलेला एक माणूस तिचं टोक धरून वर आला. एका बाईचं बाळंतपण उघड्या माळावर तिच्याच आडोशाने झालं, आणि मूलही आधी तिनेच पुसलं.

"बाजाराच्या दिवसापर्यंत काम मिळालं नाही," शाल म्हणाली, "तर मी घरी जाईन."

"घरी म्हणजे सरांकडे?"

"खानाकडे. डोंगरात."

हिंग विकत फिरणारा जरीनखान दर हिवाळ्यात त्यांच्या ओट्यावर उतरायचा. गुडघे गेले तेव्हा शेवटच्या खेपेला त्याने खांद्यावरची शाल काढून शेठांच्या हातात दिली. आपण आता शेगडीपाशी बसणार, पण हिला काम लागतं, हिला बसवून ठेवू नका, एवढंच तो म्हणाला आणि शेठांनी शब्द दिला. पुढे ज्येष्ठ नागरिक मंडळाचे चिटणीस सोपान ढगे सत्कारासाठी भारीतली शाल मागायला आले. सर रोज अंगावर घेतील, असा शेठांनी अंदाज बांधला. व्यापाऱ्याचाही अंदाज कधी कधी चुकतो. आता ही शाल खानाच्या दारात रिकामी उभी राहणार, आणि शेठांचा शब्द काय तोलाचा होता ते त्याला न सांगता कळणार.

शेठ तिला घेऊन सरांकडे गेले. सरांच्या पत्नी मालतीबाई म्हणाल्या, "भाऊजी, मानाची शाल ती. तिच्यात काय भाजी बांधायची?"

सर खुर्चीत बसले होते. निवृत्त झाल्यापासून त्यांनाही कुणी काम सांगत नसे. उठले की घरात सगळे म्हणायचे, तुम्ही बसा.

"तोडकर," सर म्हणाले, "मलाही समारंभालाच बाहेर काढतात."

शेठांनी गावात विचारून पाहिलं. भाजीवाल्या हौसाबाईंना ऊन लागत होतं, पण त्यांनी शाल कपाळाला लावली आणि परत दिली. हमाल तिची चुंबळ करून डोक्यावर घ्यायला तयार होईना. सत्कार शालीला चिकटून बसला होता, आणि तो उतरवल्याशिवाय तिला कुणी हात लावणार नव्हतं.

शेठ सरांना घेऊन ढगे चिटणीसांकडे गेले; सत्कार उतरवण्याची मागणी त्यांना रास्त वाटली. नियम सरळ होता. सत्कार जसा चढवला तसा उतरवायचा: तेच अध्यक्ष, तोच मंच, फक्त क्रम उलटा. मात्र शाल आणि श्रीफळ दोन्ही परत यायला हवं. श्रीफळाची तर मालतीबाईंनी बर्फी केली होती.

"दुसरा नारळ आणू," शेठ म्हणाले.

"दुसरा नारळ आम्ही दिलाच नव्हता," ढगे म्हणाले. "न दिलेलं परत कसं घ्यायचं?"

शेठांनी थोडा विचार केला. अडलेला माल पुष्कळदा दुसऱ्या नावाने सुटतो, हे ते जाणून होते. "बर्फी कुणी खाल्ली?"

सरांनी मान खाली घातली. सगळी त्यांनीच खाल्ली होती.

"म्हणजे नारळ सरांमध्ये आहे. सरांनाच जमा करून घ्या."

ढगे अध्यक्षांना विचारून आले. अध्यक्षांची हरकत नव्हती.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी सभा झाली. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग भाषणं ऐकली. अध्यक्षांनी सरांच्या खांद्यावरून शाल उतरवली आणि श्रीफळ म्हणून सरांना जमा करून घेतलं. मग मंडळाला दोघांचाही काही उपयोग नसल्याने दोघांना मोकळं केलं.

सकाळी मालतीबाईंनी सरांकडे पाहिलं. सत्कार उतरलेला माणूस बरा दिसत होता.

"नुसते उभे काय राहिलात? बाजारातून मेथी आणा."

पिशवी सापडेना. सरांनी शाल खांद्यावर टाकली.

दुपार कलली तरी सर आले नाहीत. बाजार उठला. शेठ सरांच्या ओट्यावर येऊन बसले. शाल घरी निघून गेली असेल तर आता सरही गेले, आणि मालतीबाईंना काय सांगायचं, हे त्यांना सुचेना.

दिवेलागणीला सर सावकाश चालत आले. जरा लांब पडलं, म्हणाले. भाजीच्या ओळी संपल्या तिथून रस्ता वर चढत गेला, आणि तो शालीच्या पायाखालचा होता. उन्हात ती सावली झाली, नदीत दोर झाली, घाटात तिने त्यांना पोटाशी घेतलं. वर एका घरात शेगडीपाशी एक म्हातारा बसला होता.

सरांनी शालीच्या टोकाची गाठ सोडली. आत जर्दाळू होते.

"म्हणाला, शेठला सांगा, कामावर दिसली."

शेठांनी एक जर्दाळू तोंडात ठेवला.

"आणि मेथी?" मालतीबाईंनी विचारलं.

"त्याला दिली. पहिल्यांदाच कुणाच्या घरी जायचं, तर रिकाम्या हाताने कसं जायचं?"

मालतीबाईंनी शाल अंगणात नेऊन झटकली. बर्फ तुळशीपाशी पडला.

"मग उद्या दोन जुड्या घ्या," त्या म्हणाल्या.