दामोदरभाऊंचा तलाव

घुग्घुसला आमच्या शेजारी राहणारे दामोदरभाऊ नमस्काराच्या जागी "संपलं" म्हणतात. पहिल्यांदा मी घाबरून विचारलं, "काय संपलं?" तर म्हणाले, "थे तुम्ही पाहा, मास्तर. मी सांगाचं काम केलं."

खाणीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना हे एवढंच काम उरलंय. माझ्या नातवाच्या बारशाला पाळण्यावर वाकून म्हणाले, "आता याले शिकवा. मंग नोकरी नाई भेटत. संपलं." आणि जिलेबी दोनदा मागून घेतली.

असा माणूस दर रविवारी मूलजवळच्या तलावावर फिरायला जातो, याचं मला नवल वाटायचं. गेल्या कार्तिकात त्यांनी मलाही मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. पाळीचा मातीचा बांध संपतो तिथं पाणी वळून जंगलात आत शिरतं. वारा नाही, आवाज नाही. सागाची झाडं पाण्यात जशीच्या तशी उलटी उभी.

"आटून राह्यलं," भाऊ म्हणाले.

"अहो, काठोकाठ भरलंय!"

"मंग फुटन."

काठानं तासभर चाललो. एक बगळा दिसला, तर "एकच उरला." दुसरा दिसला, तर "मासे खतम करून राह्यले."

वळणावर एक म्हातारी ओले शिंगाडे निवडत बसली होती. भाऊंना पाहताच तिनं विचारलं, "बाई आजही नाई आल्या?"

"गुडघे," भाऊ म्हणाले. "चालवत नाई तिले. पण तुमची आठवण काढते."

वहिनींना जाऊन वर्ष झालं होतं. खांदा देणाऱ्यांत मी होतो.

म्हातारीनं कोवळे कोवळे शिंगाडे वेचून पळसाच्या पानात बांधले. "उकडून द्या त्याइले. चावाले सोपे जाईन." भाऊंनी पुडकं दोन्ही हातांनी घेतलं.

बरंच पुढं गेल्यावर मी म्हणालो, "भाऊ, एकदा सांगून टाका तिला."

ते थांबले.

"आम्ही दोघं येत होतो इथी. कॉलनीत मले पाहून सारे चूप होतात, मास्तर. तुम्हीही होता. तिचं नाव कोणी काढत नाई. ही बाई दर रविवारी इचारते." मग म्हणाले, "एवढ्या एका जागी जिती राहू द्या तिले."

पुडकं त्यांनी डिक्कीत ठेवू दिलं नाही. घुग्घुस येईपर्यंत मी ते मांडीवर धरून बसलो होतो.