पस्तीस अंशांची फळी

वरदने फोनसाठी ठोकलेली फळी शेजारच्या नयनाबेनच्या स्वयंपाकघरात निघाली, हे खरं नाही. असं काही घडलेलंच नाही! तेव्हा शांतपणे पहिल्यापासून ऐका.

ब्याण्णव साली मांजलपूरच्या फ्लॅटात वर्षानुवर्षं नंबर लावून वरदचा टेलिफोन आला, तोही वरद हयात असताना! संध्याकाळी दांडिया बाजारातून सासरे तो बघायला येणार होते. लग्नाच्या बैठकीत हेच जयवंतराव म्हणाले होते, "गणितवाल्यांना साधा खिळा ठोकता येत नाही." ते वाक्य वरदच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं. आज काटा निघणार होता!

"कोपऱ्यात त्रिकोणी फळी," त्याने बायकोला, मोहनाला समजावलं. "कोपरा काटकोन. उरलेले दोन कोन मिळून नव्वद. खिडकी आड येते, म्हणून मोठा कोन लहानाच्या दुपटीहून पंधराने कमी ठेवू. लहान कोन क्ष. क्ष अधिक दोन क्ष वजा पंधरा बरोबर नव्वद. क्ष पस्तीस, दुसरा पंचावन्न. संपलं!"

"अहो, पण कोपरा मोजलात का?"

"काटकोन मोजतात होय? तो असतो!"

फळी कापून आली. कोपऱ्यात जाईना. वरदने समीकरण पुन्हा सोडवलं. क्ष पस्तीसच! फळी मोजली. पस्तीस, पंचावन्न! ताळा जुळतोय आणि फळी बसत नाही! देवळाबाहेर चप्पल हरवल्यासारखा तो उभा राहिला.

"म्हणजे भिंत खोटं बोलतेय. मोहना, हातोडा!"

तिसऱ्या घावाला फळीचं टोक भिंतीतून आरपार घुसलं आणि पलीकडून किंकाळी आली, "वरदभाई! मारा रसोडामां आ शुं घूस्युं?"

"काही घुसलं नाही नयनाबेन, पस्तीस अंश आहेत!"

भोक सुपाएवढं पडलं, पण फळी झकास बसली. वरदने तिच्यावर फोन ठेवला. नयनाबेनने पलीकडच्या टोकावर लोणच्याची बरणी ठेवली. आयती जागा कोण सोडतं?

तेवढ्यात फोन वाजला. वरद स्टुलावरून उतरेपर्यंत भोकातून एक पिठाळ हात आला आणि रिसीव्हर घेऊन गेला.

"हलो! वरदभाई? ए तो भींत तोडे छे... हा हा, आवो ने, चा पीवा!"

जयवंतराव आले, ते थेट नयनाबेनकडे. चहा पिता पिता त्यांनी भोकातून डोकं आत घातलं. "जावईबापू, ठोकलीत हो उत्तम! कोपरा मोजला होतात ना?"

मोहनाने कंपास पेटी आणून दिली. कोपरा शहाऐंशी अंशांचा निघाला.

त्याच संध्याकाळी वरदने सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज दिला: "सदर समीकरण अचूक असल्याने, नयनाबेन यांचे स्वयंपाकघर चार अंशांनी मागे सरकवून मिळावे, ही नम्र विनंती."