आधी सासरे की आधी जावई?

"निरगाठ असो नाहीतर सुरगाठ, एक टोक शोधायचं आणि ओढायचं! दहा मिनिटांचं काम!"

सुट्टीच्या दिवशी सकाळी सोडवणे चहाचा कप उंचावून म्हणाला. सोडवणे हे काही त्याचं आडनाव नव्हे. ऑफिसात कुणाचं काही अडलं की हा न बोलावता खुर्ची ओढून बसायचा, म्हणून पडलेलं नाव. त्याची बायको शाळेत गणित शिकवायची. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून मान वर न काढता ती म्हणाली, "मागच्या सुट्टीत पडद्याची दोरी सोडवलीस, तेव्हापासून पडदा अर्ध्यावर आहे."

"ती दोरी होती. हे सॉफ्टवेअर आहे!"

तर भानगड अशी होती. सोडवणेनं फावल्या वेळात 'पानमांड' नावाचं एक पॅकेज लिहिलं होतं. मजकूर दिला की ते त्याची सुबक पानं मांडून द्यायचं. कुणीही फुकट घ्यावं, वापरावं, हवं तर दुरुस्तही करावं. आता पान मांडायचं तर प्रत्येक अक्षर किती रुंद हे कळायला हवं. ते काम 'अक्षरमाप' नावाचं दुसरं पॅकेज करायचं. तेही असंच, सगळ्यांसाठी खुलं. आणि ते लिहिलं होतं सोडवणेच्या सासऱ्यांनी!

सासरे जन्मभर छापखान्यात होते. निवृत्त झाल्यावर घरात बसून सासूबाईंना भाजी कशी चिरावी हे शिकवू लागले, तेव्हा सासूबाईंनीच त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला. त्यातून अक्षरमाप जन्मलं. त्याच्यासोबत सासऱ्यांनी एक जाडजूड माहितीपुस्तिकाही लिहिली. अक्षरमाप तयार होताना ही पुस्तिकाही आपोआप तयार व्हायची आणि तिची पानं मांडायला लागायचं जावयाचं पानमांड.

म्हणजे जावयाला सासरे हवेत आणि सासऱ्यांना जावई हवा! इतके दिवस हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण प्रत्येकाकडे दुसऱ्याची जुनी तयार प्रत पडलेली असायची. पण इंटरनेटवरच्या ज्या मोठ्या भांडारातून जगभरचे लोक अशी पॅकेजं घेतात, तिथं यंदा सगळं काही नव्यानं, अगदी शून्यापासून बांधायला घेतलं होतं; जुन्या प्रती चालणार नव्हत्या. भांडार सांभाळणाऱ्या बाईंचा सकाळीच निरोप आला होता. "दोघांपैकी आधी कुणाला बांधू? संध्याकाळी नव्या आवृत्तीची यादी बंद होते. तोवर सुटलं नाही तर दोन्ही वगळावी लागतील."

वगळावी लागतील! स्वतःचं पानमांड गेलं असतं तरी सोडवणेनं सोसलं असतं. पण सासऱ्यांनी बागेतल्या बाकावरच्या यच्चयावत म्हाताऱ्यांना सांगून ठेवलं होतं, की नव्या आवृत्तीत आपण आहोत. रोज संध्याकाळी त्या बाकावर ते ताठ मानेनं बसत. त्यांना "बाबा, तुम्ही वगळले गेलात" हे कोण सांगणार?

त्यानं टोक शोधलं. अक्षरमापच्या चर्चेच्या पानावर, जिथं सारं जग वाचतं, तिथं आपल्या नेहमीच्या तुटक पद्धतीनं लिहिलं, "पुस्तिका अनावश्यक. काढावी."

चहा निवायच्या आत फोन वाजला.

"जावईबापू," सासऱ्यांचा आवाज छापखान्यातल्या शिशासारखा जड झाला होता. "अनावश्यक?"

"बाबा, तसं नाही, बांधणीपुरती..."

"पहिल्या पानावर तुमच्या सासूबाईंचे आभार मानलेत मी! तेही अनावश्यक?"

सोडवणे उत्तर जुळवतोय तोवर बायकोचा फोन वाजला. सासूबाई!

"तुझ्या नवऱ्याला मी अनावश्यक वाटते का गं?"

बायकोनं लाल पेन खाली ठेवलं. ते पेन ती सहसा खाली ठेवत नसे. "काय लिहिलंस तू?"

"मी फक्त एक टोक ओढलं!"

"मग ते सोड आणि दुसरं ओढ!"

हे त्याला पटलं. पुस्तिका राहू दे, आपणच माघार घेऊ! अक्षरांच्या रुंदीचे ढोबळ आकडे पानमांडमध्येच टाकले की झालं. पानं जरा वेडीवाकडी दिसतील, पण सासरे सुखात राहतील. त्यानं भराभर बदल केला आणि त्याच जगजाहीर पानावर लिहिलं, "यापुढे पानमांडला अक्षरमापची गरज नाही."

या खेपेला फोन आला नाही. उत्तर तिथंच, चारचौघांत आलं. "गरज सरो, वैद्य मरो!"

खाली कुणा परक्या माणसानं विचारलं, "माफ करा, तुम्ही दोघं नातेवाईक आहात का?" त्या प्रश्नाला सतरा जणांनी अंगठा वर करून पाठिंबा दिला.

सोडवणे डोक्याला हात लावून बसला. "मी त्यांच्याचसाठी केलं गं! मला खरंच त्यांचं पॅकेज आवडतं. एवढ्या बारकाईनं दुसरं कुणी माप काढत नाही."

"हे त्यांना कधी सांगितलंयस?"

"वापरतोय म्हणजे आवडतंच ना!"

"धन्य!" बायको म्हणाली. "जा, काहीतरी कर. त्यांना कळू दे, की तुझं त्यांच्यावाचून अडतं."

सोडवणेला मनापासून वाईट वाटत होतं. त्यानं ढोबळ आकडे काढून टाकले आणि अक्षरमाप परत आणलं. एवढ्यावर भागेना, म्हणून ओळींमधलं अंतर, समास, पानाचा क्रमांक, सगळं सगळं अक्षरमापला विचारूनच ठरवायचं असं करून टाकलं. अडणं म्हणजे कसं, पदोपदी अडलं पाहिजे! मग त्यानं मोठ्या आनंदानं फोन लावला.

"बाबा, चुकलो! आता पानमांड तुमच्याशिवाय एक ओळसुद्धा मांडू शकत नाही!"

"जावईबापू," सासरे हळूच म्हणाले. "तुमच्या सासूबाई मला फार बोलल्या. म्हणून मीही आत्ताच एक बदल केला. आता अक्षरमाप प्रत्येक माप पानमांडकडून मांडून घेतल्याशिवाय कुणाला दाखवतच नाही."

"म्हणजे..."

"म्हणजे माझंही पदोपदी अडतं."

दोघांनाही भरून आलं. पण तेवढ्यात बाईंचा निरोप आला. "सकाळी सुतळीची गाठ होती, आता दोरखंडाची झाली! तुमचं चाललंय तरी काय?"

खिडकीतलं ऊन कलायला लागलं होतं. पलीकडे सासरे एकदम बारीक आवाजात म्हणाले, "वगळणार का हो आपल्याला? आज बाकावर जातच नाही मी." टोकबिक गेलं उडत! सोडवणेनं बाईंना सरळ खरं काय ते कळवलं. "ते माझे सासरे आहेत. आम्ही एकमेकांना दुखवायला घाबरतो. वाटल्यास मला वगळा, पण त्यांना ठेवा."

बाईंचं उत्तर लगेच आलं. "आधी सांगायचंत ना! मला वाटलं, दोन प्रकल्प आहेत. इथं तर एकच कुटुंब आहे! दोन्ही मिळून एकच पॅकेज करते. एकाच बैठकीत आधी माप, मग मांडणी, शेवटी पुस्तिका. आजची ती पदोपदीची अडवणूक काढून टाका. पुस्तिका राहील. आत कोण कुणाचा आधार घेतं हा घरगुती मामला. फक्त यापुढे दोघं मिळून प्रमुख, आणि प्रत्येक बदलाला दोघांची संमती लागेल."

कबूल, कबूल! दोघांनी संमती दिली आणि दिवे लागायच्या सुमाराला पॅकेज भांडारात गेलंसुद्धा. पहिल्या पानावरच्या आभारांसकट! सोडवणेनं खुर्चीत रेलून पाय ताणले. "बघ, सुटली की नाही गाठ?"

दाराची घंटा वाजली.

दारात सासरे उभे होते. चेहरा फुललेला, एका काखेत कॉम्प्युटर, दुसऱ्या काखेत उशी. "बाकावर सांगून आलो!" असं म्हणत ते आत आले आणि सोडवणेच्या टेबलाचा अर्धा भाग त्यांनी प्रेमानं रिकामा केला. "पॅकेज एक झालं. आता प्रत्येक बदलाला दोघांची संमती. दोन घरांतून कसं जमायचं?"

"किती दिवस राहणार बाबा?" बायकोनं विचारलं.

"पुढची आवृत्ती निघेपर्यंत."

"ती कधी निघणार?"

"ते जावईबापूंवर अवलंबून आहे."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. सोडवणे उशीकडे बघत पुटपुटला, "ते... बाबांवर अवलंबून आहे."

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. सासूबाईंचा आवाज इतका प्रसन्न होता, की पलीकडच्या खोलीतही ऐकू आला. "पोचले ना गं ते? जावयांना म्हणावं, मुळीच घाई करू नका!"