भाईजींच्या प्रोसेसरची पीक पाहणी

कॉम्प्युटरच्या दुकानात येऊन "ह्याची उगवण किती?" असं विचारणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी रोज पाहतो. जालन्यात माझं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे, आणि भिंतीला भिंत लागून हस्तीमल भाईजींचं बियाण्याचं. त्यांचे पणजोबा राजस्थानातून इकडे आले. तेव्हापासून घरात बियाणंच. कपाशी, तूर, मका, बाजरी विकता विकता भाईजींचं असं झालंय, की जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना बियाण्याच्या पाकिटासारखी दिसते. पाकीट उलटं करून मागचं वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

एका लग्नात नवरदेवाला आशीर्वाद देऊन ते स्टेजवरून उतरले आणि माझ्या कानाला लागून म्हणाले, "वाण भारी हाय, कैलासराव. पण बागायती वाटून राह्यलाय. कोरडवाहूत टिकंल का?" नवरी अंबडच्या एका कडक हेडमास्तरांची मुलगी होती. प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता.

डॉक्टरांनी नवं औषध लिहून दिलं, तर त्यांनाही विचारलं, "प्लॉट कुठं टाकला ह्याचा?" म्हणजे आधी कुणावर आजमावून पाहिलंय का. डॉक्टर माझे मित्र. ते त्या दिवसापासून भाईजींना पाहिलं की आधी पाणी पितात.

तसा माणूस लाखात एक. खोड एकच, कुणाच्या शब्दावर काही घ्यायचं नाही. "तुमचा भरवसा हाय, बिलकुल हाय. पण डोळ्यानं पाहू द्या." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की माझ्या दुकानात कुणी वॉरंटीबद्दल विचारलं तर माझ्याही तोंडात तेच येतं.

त्यांची धाकटी मुलगी कोमल कोइमतूरला तुरीच्या वाणांवर पीएचडी करते. बियाणं विकणाऱ्याची पोरगी बियाण्याच्या पोटात काय लिहिलंय ते वाचते, ह्याचा भाईजींना काय अभिमान! तुरीची पिशवी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी कोमलची पीएचडी ऐकावी लागे, मग पिशवी हातात पडे. धावड्याचे माझे सांडूमामा एकदा पिशवी खांद्यावर टाकून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तूर घ्यायला गेल्तो रे, अर्धी पीएचडी करून आलो."

एक दिवस कोमलचा मला फोन आला. आवाज उतरलेला.

"कैलासकाका, शेकडो वाणांची माहिती एकदम ताडून पाहायचीय. इथल्या मशीनवर सगळ्यांचीच रांग. माझा नंबर लागेपर्यंत पेरणी निघून जाईल. कोणते वाण शेतात लावायचे हे त्याआधी कळलं नाही, तर माझं वर्ष गेलं."

मी भाईजींना सांगितलं. त्यांनी गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं आणि स्टूल ओढून बसले. "उपाय बोला."

मी समजावलं. सारख्याच पैशात दोन रस्ते होते. एक नवा डेस्कटॉपचा प्रोसेसर. त्यात आठ कोअर, म्हणजे काम करणारे आठ हात, पण प्रत्येक कोअर चपळ. दुसरा सर्व्हरचा प्रोसेसर, एका कंपनीनं बदलून टाकलेल्या मशीनमधला, जुना पण धडधाकट. त्याला बत्तीस कोअर. एकेकटा सावकाश, पण सगळे मिळून भरपूर काम ओढणारे. त्याला मेमरीही खूप जास्त लावता येते. वीज मात्र तो जास्त खातो.

भाईजींचे डोळे चमकले. "म्हंजे एकाला फुटवे आठ पण वाढ जोरात, आन् दुसऱ्याला फुटवे बत्तीस पण वाढ धीमी?"

वीस वर्षं मी हा धंदा करतोय, पण गिऱ्हाइकाला इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं.

"बराबर, भाईजी. कोमलच्या कामाला माझ्या मते सर्व्हरचाच..."

"तुमचा भरवसा हाय," भाईजी उठले. "पण प्लॉट टाकू."

आणि खरंच टाकला. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत दोन टेबलं लागली. त्यांवर मी दोन्ही मशीन जोडून दिली. शेतात बांधावर लावतात तशा पाट्या लागल्या, 'वाण पहिला' आणि 'वाण दुसरा'. तिसऱ्या टेबलावर भाईजींच्या दुकानातला जुनाट कॉम्प्युटर आला. तुलनेला एक जुना वाण लागतोच, असं भाईजींचं म्हणणं. "एकच खोली, एकच लाइट, एकच दिवस. एकाला उन्हात आन् एकाला सावलीत ठेवला तर तो प्लॉट न्हाई, लबाडी हाय."

भाईजींच्या पत्नी कंचनभाभी दारातून बघत होत्या. "कैलासभाऊ, आता ह्या पिकावर औषधही फवारत बसा," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी रीतसर पीक पाहणी झाली. बियाण्याचे चार व्यापारी, ओळखीचे शेतकरी, सांडूमामा, सगळ्यांना निमंत्रण. बिनकांद्याचे पोहे, चहा. भाईजींनी पांढरी टोपी घातली आणि दोन मशीनच्या मधे उभे राहिले.

पहिली परीक्षा दुकानाच्या हिशेबाची. वर्षभराची बिलं एकदम काढायची. डेस्कटॉपनं ती पोह्यांची बशी हातात येईपर्यंत काढून दिली. सर्व्हर मागे राहिला. जुना वाण तर अजून उगवतच होता.

"भाईजी," सांडूमामा म्हणाले, "तुमचा मोठा वाण नुसता पाल्यावर गेला की, शेंग एक न्हाई!"

हशा झाला. भाईजींचा चेहरा पडला. त्यांचं मन बत्तीस फुटव्यांवर बसलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण त्यांनी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "पहिला निकाल, डेस्कटॉप! टाळ्या वाजवा." स्वतः सगळ्यांत जोरात वाजवल्या.

मग कोमल फोनच्या पडद्यावर आली. तिनं तिकडून दोन्ही मशीनना तुरीच्या एकाच वाणाचं काम दिलं. पुन्हा डेस्कटॉप पुढे. भाईजींनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, जरा हळू.

"पप्पा, आता सगळे वाण एकदम सोडते," कोमल म्हणाली.

डेस्कटॉप जोरात सुटला. काही वेळानं त्याची मेमरी भरली, तो अडखळला आणि काम अर्ध्यावर टाकून बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा तिथंच बसला. सर्व्हरला ना घाई, ना तक्रार. बत्तीसच्या बत्तीस कोअर कामाला लागले होते. व्यापारी जेवायला घरी गेले आणि जेवून परत आले. मामा गेलेच नाहीत. त्यांना भाभींची दाल-बाटी मिळाली.

"रडत न्हाई हा," मामा मशीनकडे बघत म्हणाले. आता त्यांचा सूर बदलला होता.

संध्याकाळी ऊन उतरायला लागलं तेव्हा काम संपलं. पडद्यावर कोमलनं निकालाची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग म्हणाली, "पप्पा, झालं. सगळं झालं. पेरणीच्या आधी झालं."

भाईजींनी माझा हात हातात घेऊन हलवला, मग मामांचा, मग प्रत्येक व्यापाऱ्याचा. शेवटी मशीनच्या पाठीवर थाप मारायला गेले आणि गरम लागल्यावर हात मागे घेतला. "ताव हाय त्याच्यात!" ते अभिमानानं म्हणाले.

निकाल त्यांनी उभ्यानंच सांगितला. "दुकानाला डेस्कटॉप. चपळ हाय, विजेला हलका हाय, घातल्या पैशाला बराबर हाय. पण शंभर कामं एकदम आली तर सर्व्हरच पाहिजे. म्हणून कैलासराव, दोन्ही राहू द्या."

कोमलच्या होस्टेलच्या खोलीत एवढं धूड ठेवायला जागा नव्हती. म्हणून ते जालन्यातच, घरातल्या तिच्या खोलीत राहिलं आणि ती इंटरनेटवरून त्यावर काम करू लागली. लाइट गेली तरी अडू नये म्हणून भाईजींनी मोठा इन्व्हर्टर बसवला. त्या पावसाळ्यात तिनं निवडलेले वाण शेतात उभे राहिले. एमआयडीसीतल्या बियाणं कारखान्यांत असा एक मॅनेजर उरला नाही, ज्याला भाईजींनी सांगितलं नाही, "तूर कोइमतूरची, पण डोकं जालन्यात हाय." खरं सांगतो, हे ऐकताना माझीही छाती फुगायची.

पुढं थंडीत कोमलचा पुन्हा फोन आला.

"काका, इथं आता मोठं मशीन आलंय. तिकडच्या सर्व्हरची मला गरज उरली नाही. पण पप्पांना सांगू नका."

"का गं? वीज वाया जाते की."

"मी रोज सकाळी त्याच्यावर काहीतरी लावते. जुनंच काम असतं, पुन्हा तेच. काम सुरू झालं की त्याचे पंखे जोरात फिरतात ना? आई सांगत होती, पप्पा दुकानात जायच्या आधी तो आवाज ऐकत बसतात."

दोन-तीन दिवसांनी मी मशीनमधली धूळ काढायला त्यांच्या घरी गेलो. भाईजी दुकानाला निघायच्या तयारीत, टोपी घालून, कोमलच्या कॉटवर बसले होते. मशीन हलकं गुणगुणत होतं. मी पेचकस काढला, तसा त्यांनी हातानं थांबा म्हटलं. भाभींनी चहा आणून ठेवला आणि त्याही दाराशी उभ्या राहिल्या.

जरा वेळानं पंखे वाढले. खोलीभर आवाज झाला.

"आली," भाईजी म्हणाले.

मी पेचकस खाली ठेवला. त्यांनी चहाचा एक घोट घेतला आणि मान खाली घालून म्हणाले, "तिला आता ह्याची गरज न्हाई, कैलासराव. मला म्हाईत हाय. पडद्यावर कामाचं नाव रोज तेच असतंय. पण तिला सांगू नका हं. दिवसा फोन केला तर पोरीच्या कामात खोडा होतो. ह्या आवाजानं पोर भेटून जाती, हे बराबर हाय."

"नाही सांगत, भाईजी."

कप ठेवून ते उठले. पंखे चालूच होते. मला त्यांनी डोळ्यांनीच बाहेर चला म्हटलं, आणि मागून खोलीचं दार अगदी हळू, आवाज न करता ओढून घेतलं. आत पोर अभ्यासाला बसलेली असावी, तसं.