बांगडी नको, दाणा टाक

डोंगरकड्याचे हबीब मुनशी यांच्यासमोर कोणी कशाचाही भाव बोललं, की ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. बाजारात भिंत नसेल तर नुसतीच पाठ फिरवायचे आणि मागच्या मागे हात लांबवून वांगेवालीला पैसे द्यायचे. वांगेवाली हातातले हवे तेवढे उचलायची. त्यामुळे या माणसाने जन्मभर किडकी वांगी महाग खाल्ली. पोराच्या लग्नात काझींनी मेहरची, म्हणजे नवरीला द्यायची, रक्कम उच्चारली आणि वराचा बाप उठून भिंतीला नाक लावून बसला. नवरीकडच्यांना वाटलं, पोरगी पसंत नाही. लग्न मोडता मोडता राहिलं.

आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. मी त्यांच्या ओट्यापासून चौथ्या घरात, गल्लीच्या तोंडाशी राहत होते.

या भिंतीचं कारण सांगते. चाचा तरुणपणी हिंगोलीला तामीरातच्या कचेरीत कारकून होते. तामीरात म्हणजे सडका, सडकेखालच्या मोऱ्या, विहिरी बांधणारं निजाम सरकारचं खातं. काम निघालं की इश्तेहार, म्हणजे जाहीर नोटीस, लागायचा. ज्याला काम हवं त्याने आपला दर कागदावर लिहायचा, कागद लिफाफ्यात घालायचा, वर लाख लावून बंद करायचा. ठरल्या दिवशी सगळे लिफाफे फोडायचे. ज्याचा दर कमी, त्याला काम. चाचांनी एकदा एका माणसाचा दर ऐकला आणि मेव्हण्याच्या घरी जेवता जेवता बोलून गेले. मेव्हण्याने तो दुसऱ्याला सांगितला. त्या माणसाचं काम गेलं, चाचांची नोकरी गेली. तेव्हापासून त्यांचा एकच मंत्र होता. "कान बंद, तोंड बंद, लिफाफा बंद!"

नोकरी गेली, पण लाखेचं वेड गेलं नाही. कचेरीची मोहर कचेरीत राहिली, म्हणून ते जुन्या कोटाचं पितळी बटण लाखेवर दाबायचे. घरात लोणच्याच्या बरणीला लाख, तुपाच्या तांब्याला लाख, मिठाच्या डब्यालासुद्धा लाख. त्यांची बायको होती तोवर रोज सकाळी शिव्या देत सगळं फोडायची आणि चाचा रोज संध्याकाळी परत बंद करायचे. ती वारल्यावर बरण्या बंदच राहिल्या.

काम काय करायचे, तर ओट्यावर बसून आमच्यासारख्या लोकांना टेंडर भरायला शिकवायचे. एक पैसा न घेता. वडार, सुतार, गवंडी, चुनेवाले, सगळी दाढीमिशांची पोरं त्यांच्या शाळेत. कारण असं, की इश्तेहार उर्दूत. तो मोठ्या गुत्तेदारांना, म्हणजे ठेकेदारांना, वाचता यायचा, कामं तेच घ्यायचे आणि मग आम्हालाच रोजाने लावायचे. हात आमचे आणि नाव त्यांचं. चाचांना ते खपायचं नाही. इश्तेहार वाचून दाखवायचे, दगड किती लागेल, चुना किती, माणसं किती, हे ज्याच्या त्याच्या तोंडून वदवून घ्यायचे. पण दर लिहायची वेळ आली की तोंड फिरवून भिंतीकडे.

नागू वडाराला त्यांनी एकदा विचारलं, "इतकी खडी फोडायला दिवस किती?"

"सासू घरी आली असंल तर तीन," नागू म्हणाला. "घरला जावंसं वाटत न्हाई. सासू नसंल तर पाच."

"अरे गधड्या, मी कागदावर सासू कुठं लिहू?"

"दगडाच्या खाली लिवा ना चाचा. तितंच बराबर हाय ती."

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, गणपत गवंडी. घरामागे आमची चुन्याची घाणी होती. बैल गोल फिरायचा, दगडी चाक चुना मळायचं, मी वरून पाणी सोडायची. मालकांच्या हातच्या मोऱ्या इथून औंढ्यापर्यंत होत्या. एकीवरही त्यांचं नाव नव्हतं. मोरीच्या कडेला दगडात गुत्तेदाराचं नाव कोरायचं, आणि कोरायचे हेच. मालकांना दुसऱ्या कशाची हाव नव्हती. एक काम आपल्या नावानं व्हावं, इतकंच. झोपेतसुद्धा तेच बोलायचे. मला त्याचा वैताग यायचा, पण माझ्याही मनात तेच होतं.

मग साखऱ्याकडच्या सडकेवर एका नाल्याची मोरी निघाली. काम बेताचं, आमच्या आवाक्यातलं. मालकांना अक्षर येत नव्हतं. माझं माहेर वऱ्हाडातलं, तिथे मी मराठी तिसरीपर्यंत शिकलेली. म्हणून चाचांनी मलाच ओट्यावर बसवलं. कागदावर दराचा फक्त आकडा लिहायचा होता, पण उर्दूत. आठ दिवस त्यांनी मला उर्दू आकडे गिरवायला लावले. एकपासून नऊपर्यंत.

मी विचारलं, "चाचा, शून्य?"

ते हसले. "सिफर तर सिफरच हाय, सरूबाई. काहीच न्हाई ते. त्यात काय शिकायचं?"

मालकांनी माझ्या कानात दर सांगितला. तीनशे. चाचा भिंतीकडे तोंड करून दोन्ही कानांत बोटं घालून बसलेले, वर मोठमोठ्याने खोकत होते, म्हणजे चुकूनही ऐकू येऊ नये. मी उर्दू तीन काढला. आमच्याकडे काढतात तशी पुढे दोन गोल शून्यं काढली. लिफाफा बंद केला. चाचांनी लाख ओतली, बटण दाबलं आणि लिफाफ्यावर फुंकर मारली. "जा. आता अल्लाला पण दिसत न्हाई आत काय हाय ते."

हिंगोलीला लिफाफे फोडले, तेव्हा मालक नवं धोतर नेसून उभे. चाचा बाहेर व्हरांड्यात. कचेरीत पाय टाकायचा नाही अशी त्यांना शिक्षाच होती. मोठ्या गुत्तेदाराचा दर निघाला तीनशे वीस. मालकांना हसू आवरेना. मग साहेबाने आमचा वाचला.

"गणपत गवंडी. तीन सौ पचपन."

मालक ओरडले, "साहेब, तीनशे! नुसते तीनशे!"

साहेबाने कागद बाहेर धरला. चाचांनी दारातूनच पाहिला. उर्दूत शून्य म्हणजे नुसतं टिंब असतं. आणि उर्दूतला पाच असतो गोल, आमच्या शून्यासारखा. मी दोन शून्यं काढली होती, त्यांनी दोन पाच वाचले.

चाचा उंबऱ्याबाहेरून हात जोडून सांगत होते, "हुजूर, वो मराठी का सिफर है."

साहेब म्हणाला, "मुनशी, तुम्हीं कहते थे ना, लिफाफे में जो लिखा है वो लिखा है?"

चाचांनी जोडलेले हात खाली घेतले. त्यांचंच वाक्य होतं ते.

परत येताना दोघं बैलगाडीत एकमेकांकडे न बघता बसून आले. मी दारातच विचारलं, मालकांनी सांगितलं आणि मला माझ्याच हाताचा राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आमच्या दारात. बाईमाणसाच्या दारात ते कधी येत नसत.

"गलती तुझी न्हाई," ते म्हणाले. "मी शिकवलंच न्हाई. आन् मी बघितलं पण न्हाई. बघितलं असतं तर एका नजरेत दिसलं असतं."

"मंग बघायचं होतं," मी म्हणाले. मी खोटं सांत्वन करत नाही कुणाचं.

"व्हय," ते म्हणाले, आणि गेले.

त्या दिवसापासून त्यांच्या शाळेत शून्य पहिलं आलं. ओट्यावर ज्वारीची वाटी ठेवलेली असायची. कागदावर शून्याच्या जागी ते आधी ज्वारीचा एक दाणा ठेवायचे आणि ओरडायचे, "बांगडी नको, दाणा टाक! बांगडी काढली की पाच होतो आन् पाचानं घर बुडतं!" मोठमोठे गवंडी बोटाच्या चिमटीत दाणा धरून बसलेले बघून बाया तोंडाला पदर लावायच्या. चिमण्यांची मात्र चंगळ झाली. तरी दर बघायला चाचा काही वळले नाहीत. भिंत ती भिंतच.

मोरी मोठ्या गुत्तेदाराने बांधली. मालकांनी तिच्यावर रोजाने मजुरी केली. चुन्यात माती घालायला सांगितली, ती यांनी घातली. दुसऱ्या पावसाळ्यात एक बाजू खचली. वरच्या दगडावर गुत्तेदाराचं नाव मात्र शाबूत होतं. तिथून जाताना मालक गाडीतून उतरून चालायचे. का ते मी कधी विचारलं नाही. पुढे आम्ही आणखी दोनदा लिफाफे भरले, दाणा टाकून भरले. दोन्ही वेळा दुसऱ्याचा दर कमी निघाला. मालकांची कंबर गेली, हाताला थरथर सुटली. काम आपल्या नावानं, हे ते आता बोलेनासे झाले. झोपेतही.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. रझाकारांच्या धास्तीत दिवस गेले, मग पोलीस ॲक्शन झाली, मग उलटी धास्ती. मुसलमानांच्या गल्लीतली कितीतरी घरं बंद झाली. चाचांचा मुलगा बायकापोरं घेऊन हैदराबादला गेला. त्याने दोनदा निरोप धाडला. चाचा गेले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. पण ओट्यावर आता कोणी येत नव्हतं. कोणी भीतीने, कोणी लाजेने, कोणी नुसतंच. शिवाय उर्दूचं राज्य संपलं होतं, मग उर्दू शून्य कशाला लागतं कुणाला? मी जाता येता बघायची. कोणी कसला भाव बोलत नव्हतं, तरी चाचा भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे.

थंडी पडली तेव्हा त्यांच्या ओट्यासमोरच्या निंबाला एक कागद चिकटलेला दिसला. चाचांनी मराठी अक्षरं जुळवून लिहिला होता, खाली तेच उर्दूत.

"काम, कबर एक. हबीब मुनशीची. जागा, कब्रस्तानात बोरीखाली. दगडी कठडा, चुन्याचा गिलावा. मातीमिश्रित चुना चालणार नाही. सामान गुत्तेदाराचं. रक्कम डब्यात बंद आहे. लिफाफे जुम्म्यापर्यंत. एकच लिफाफा आला तर काम रद्द."

मी मालकांना वाचून दाखवलं. त्यांना वाटलं म्हातारा चळला. मला तसं वाटलं नाही. पोरगं दूर, बायको मातीत, गल्ली रिकामी. आपल्याला कोण पुरेल, याचा माणसाने बंदोबस्त केला होता. त्याला दुसरी रीत येत नव्हती.

जुम्म्याच्या आदल्या दिवसापर्यंत एकही लिफाफा गेला नव्हता. मी नागूकडे गेले.

"मावशी, मेल्यावर बिल कोन देतंय?" नागू म्हणाला. मग मान खाली घातली. "आन् त्या गल्लीत जायचं म्हंजे लोक काय म्हनतेल."

"तुला आकडा काहाडायला कोनी शिकवलं?"

नागूने हातातला हातोडा खाली ठेवला.

"लिफाफा भर. आन् दर चढा लाव."

"म्हंजे मिलीभगत?" नागूचे डोळे मोठे झाले. चाचांच्या शाळेत हा सगळ्यात मोठा गुन्हा. मोठे गुत्तेदार आपसात ठरवून दर लावतात, ती मिलीभगत. चाचा तिच्या नावाने थुंकायचे.

"व्हय, मिलीभगत," मी म्हणाले.

जुम्म्याला नमाजानंतर आम्ही तिघं ओट्यावर गेलो. चाचांनी धुतलेली शेरवानी घातली होती. एक खांदा उसवलेला. दोन लिफाफे बघून त्यांनी मान हलवली. बटणाच्या कडेने लाख फोडली. पहिला नागूचा. चाचांनी वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"नाग्या, बादशहाची कबर बांधतो काय रे?"

"दगडाचे भाव वाढले चाचा," नागू जमिनीकडे बघत म्हणाला. भाव हा शब्द ऐकूनही चाचा वळले नाहीत. फोडायच्या दिवशी दर ऐकायचा असतो, तो कायदा त्यांना ठाऊक होता.

मग आमचा फोडला. कागदाच्या मधोमध एक टिंब होतं. दुसरं काही नाही.

त्यांनी कागद उजेडाला धरला, उलटा केला, बोटाने टिंब खरडून पाहिलं.

"शाई सांडली का, सरूबाई?"

"न्हाई. दर हाय तो."

"हे?"

"आमचं शून्य काहाडलं असतं तर तुमी पाच वाचलं असतं," मी म्हणाले. "म्हनून दाणा टाकला."

मालक कंबरेला हात लावून उभे होते. म्हणाले, "चुना निर्मळ लावीन चाचा. माती न्हाई."

चाचांनी कागद मांडीवर ठेवला. दौत ओढली. कायद्याप्रमाणे नव्या कागदावर लिहिलं, 'काम मंजूर. गुत्तेदार, गणपत गवंडी, डोंगरकडा.' खाली लिहिलं, 'काम सुरू करायची तारीख मागाहून कळवू.' घडी घातली, लाख ओतली, बटण दाबलं, फुंकर मारली आणि कागद मालकांच्या हातात दिला. मालकांनी तो कपाळाला लावला. आमच्या नावावर निघालेलं ते पहिलं काम.

मग चाचा भिंतीकडे तोंड करून बसले. दर कधीच फोडून झाला होता, भिंतीची गरज नव्हती. खांद्याची उसवण तेवढी हलत होती. नागू त्यांच्याजवळ जायला निघाला, तर मी त्याचा हात धरून त्याला खाली उतरवलं.